रफी साहेबांचे टपाल आणि धान्य

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, हे अनेकांना ठाऊक असते. तो रमजानचा शेवटचा शुक्रवार होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्याकडे त्याला अलविदा जुमा म्हणतात. त्या पहाटे दिल्लीतल्या रोजेदारांनी सहरी केली, तेव्हा घटना समितीचे मध्यरात्रीचे अधिवेशन संपून काही तासच झाले होते. सकाळी गव्हर्नमेंट हाऊसमध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, दुपारी मशिदींमध्ये जुम्याची नमाज झाली आणि सोमवारी ईद आली. पंजाबात घरे पेटलेली होती. त्या वर्षी कितीतरी घरांत ईदचा शिरखुर्मा शिजलाच नसेल.

शपथ घेणारे चौदा जण होते. आपल्याकडचे दोघे, कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि खाण-वीज-बांधकाम सांभाळणारे काकासाहेब गाडगीळ. मुसलमान दोघे. मौलाना आझाद आपल्याला माहीत असतात. अहमदनगरच्या किल्ल्यातला त्यांचा कारावास, तिथे लिहिलेली पत्रे, अकरा नोव्हेंबरचा शिक्षण दिन, हे सगळे शाळा-कॉलेजांत होत असते. दुसरे होते दळणवळणमंत्री रफी अहमद किदवई. यांचे नाव महाराष्ट्रात उरले आहे ते मुख्यतः मुंबईत, वडाळा-शिवडीच्या बाजूला, रस्त्याच्या पाटीवर. तेही लोकांच्या तोंडी किडवाई होऊन. त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले होते, की हा कोणी इंग्रज गव्हर्नर होता का. मला हसू आले, आणि मग जरा लाजही वाटली, कारण इतकी वर्षे शिकवताना मीही या माणसावर पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी बोललो नव्हतो.

स्वतंत्र भारताचे पहिले सरकार कसे चालले, हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो. उत्तरे दोनच प्रकारची मिळतात. एक आरतीसारखे, दुसरे पोलीस पंचनाम्यासारखे. मला वाटते, सरकार कसे चालले हे बघायचे तर एखाद्या मंत्र्याच्या टेबलावर कोणते कागद आले आणि त्यांचे पुढे काय झाले, ते बघावे. रफी साहेबांचे टेबल त्यासाठी चांगले आहे. त्यांच्याकडे आधी टपाल आले आणि नंतर धान्य. माणसाला रोज लागणाऱ्या दोन गोष्टी.

त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ चा, संयुक्त प्रांतातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावचा. घर जमीनदाराचे. आई लवकर गेली आणि मुलगा काकांकडे वाढला. काका विलायत अली बाराबंकीला वकिली करत आणि मौलाना मोहम्मद अलींच्या ‘कॉम्रेड’ पत्रात टोपणनावाने चुरचुरीत विनोदी लेख लिहीत. राजकारणाची आणि थट्टेची दोन्ही गोडी पुतण्याला तिथेच लागली असावी. अलिगढला बी. ए. झाले, वकिलीचा अभ्यास सुरू केला आणि खिलाफत-असहकाराची हाक आली तेव्हा तो टाकून तुरुंगात गेले. लग्न १९१८ साली झाले. एक मुलगा झाला, तो सात वर्षांचा होऊन गेला. पुढे मूल झाले नाही.

सुटून आल्यावर ते मोतीलाल नेहरूंचे खासगी सचिव झाले. १९२६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि स्वराज पक्षाचे प्रतोद झाले. प्रतोदाचे काम म्हणजे कोण सभागृहात आहे, कोण चहा प्यायला गेला आहे, कोणाचे मन डळमळते आहे याचा हिशोब ठेवणे. रफी साहेब भाषण करणारे नव्हतेच. उभे राहिले की दोन वाक्यांत आटोपायचे. पण माणसांची ही खातेवही त्यांच्या डोक्यात कायम उघडी असे. त्यांची ताकद त्यातच होती आणि पुढे त्यांच्यावर जे आरोप झाले त्यांचे मूळही त्यातच होते.

१९३० मध्ये कायदेमंडळ सोडून ते रायबरेलीला शेतकऱ्यांत गेले. जमीनदाराचा मुलगा कुळांना सांगत फिरू लागला, की जमीनदाराला खंड देऊ नका. पुन्हा तुरुंग. १९३७ च्या निवडणुकीत संयुक्त प्रांतात काँग्रेसच्या मुस्लिम उमेदवारांची दाणादाण उडाली, त्यात तेही पडले आणि पोटनिवडणुकीतून आत आले. गोविंद वल्लभ पंतांनी त्यांना महसूल आणि तुरुंग ही खाती दिली. तुरुंग आतून पाहिलेला तुरुंगमंत्री. महसूलमंत्री म्हणून त्यांनी कुळकायदा रेटला. १९३९ च्या त्या कायद्याने त्या प्रांतातल्या लाखो कुळांना कसत्या जमिनीवर वारसाहक्क मिळाला. १९४२ ला पुन्हा गजाआड, १९४६ ला प्रांताचे गृहमंत्री, आणि मग तो शुक्रवार.

स्वातंत्र्याला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. त्यांचे धाकटे भाऊ शफी अहमद किदवई मसुरीच्या नगरपालिकेचे प्रशासक होते. दंगलीची लाट डोंगरावर पोचली. निघून जा, असे त्यांना अनेकांनी सांगितले. शहराचा कारभार आपल्या हाती असताना आपणच पळालो तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचे, असा विचार करून ते थांबले. ऑफिसला जाताना त्यांना भर रस्त्यात मारले गेले.

भाऊ केंद्रात मंत्री. ज्या सरकारातला मंत्री आपल्या सख्ख्या भावाला वाचवू शकला नाही, ते सरकार कसे चालले होते? पंचनामा लिहिणाऱ्यांना इथेच थांबता येईल, आणि तो चुकीचा ठरणार नाही. पहिल्या काही महिन्यांत दिल्लीतसुद्धा सरकारचे राज्य सडकेपुरते होते आणि गल्लीत दुसऱ्याच कोणाचे होते. जुन्या किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात हजारो लोक उघड्यावर पडले होते. शफी साहेबांच्या विधवा पत्नी अनीस किदवई दिल्लीला आल्या, गांधीजींना भेटल्या आणि त्याच छावण्यांत काम करू लागल्या. त्यांनी पुढे या दिवसांवर उर्दूत एक पुस्तक लिहिले. ते मी विद्यार्थ्यांना देतो, पण रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका, असे सांगून देतो.

रफी साहेब त्या आठवड्यांत कसे राहिले याची जाहीर कहाणी जवळजवळ नाही. त्यांनी राजीनामा दिला नाही, पाकिस्तानला गेले नाहीत, भावाच्या नावाने सभा घेतल्या नाहीत. ते ऑफिसला जात राहिले. ज्या खात्याचे ते मंत्री होते तेही तेव्हा अर्धे फाटलेले होते. सरकारी नोकरांना हिंदुस्थान की पाकिस्तान हे निवडायची मुभा दिली गेली होती. टपाल-तार खात्यातले हजारो जण इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे होत होते. नेमकी तेव्हाच माणसांना पत्रांची गरज सर्वांत जास्त होती. भाऊ लाहोरला, बहीण अमृतसरच्या छावणीत, आणि पत्ता कोणालाच माहीत नाही, अशी ती वेळ.

टपाल खात्याने २१ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट काढले. तिरंगा आणि वर जय हिंद, किंमत साडेतीन आणे. ते छापले होते आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात. पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गांधीजींची तिकिटे आली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती, यावर तेव्हा नाके मुरडली गेली. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याचे चित्र परदेशात छापायचे, हे विचित्रच. पण त्या तिकिटावर बापू हा शब्द दोनदा आहे, एकदा नागरीत आणि एकदा उर्दूत. माझ्या आजोबांनी दीड आण्याचे एक तिकीट पाकिटावरून सोडवून कुराणाच्या रेहलखालच्या डब्यात ठेवले होते. त्यांना नागरी वाचता येत नव्हती. मला दोन्ही लिपी येतात हे त्यांना दाखवायला मी लहानपणी ते तिकीट मोठ्याने वाचत असे. शब्द एकच, दोनदा वाचायचा.

आता विमानाची गोष्ट. १९४७ च्या शरदात जे. आर. डी. टाटांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला, की परदेशी जाणारी विमान कंपनी सरकार आणि टाटा मिळून काढू. सरकारी प्रस्तावाचे आपल्याकडे काय होते ते आपण जाणतो. हा प्रस्ताव काही आठवड्यांत मंजूर झाला आणि जून १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला पहिले विमान उडालेसुद्धा. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. फाळणीच्या आगीत बसून, भावाच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत, मंत्र्याने एवढ्या झपाट्याने होकार दिला, हे मला नेहमी थोडे थक्क करते.

याच दोघांचे पुढच्याच वर्षी बिनसले, आणि ते बिनसले आपल्या नागपुरावरून.

रफी साहेबांच्या डोक्यात आले, की पत्रे रात्री विमानाने न्यावीत. व्यापारी, वकील, संपादक, सगळे पत्रे लिहितात संध्याकाळी. ती रात्रभर पडून राहतात आणि सकाळी गाडीत बसतात. मुंबईचे पत्र कलकत्त्याला पोचायला गाडीने दोन दिवस लागत. नकाशा पाहिला तर दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार शहरांच्या मधोमध नागपूर. चारी शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघेल, मध्यरात्रीनंतर सगळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येतील, थैल्यांची अदलाबदल होईल आणि उजाडेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. प्रवाशांनाही हवे तर जाता येईल. इतकी साधी कल्पना, की आधी कोणाला सुचली कशी नाही असे वाटावे.

सुचली नव्हती असे नाही. धोका मोठा होता. टाटांचे म्हणणे होते, की रात्री विमान उतरवायला लागणारे दिवे, रेडिओची यंत्रणा आणि रात्री उडण्याचा सराव यांतले काही पुरेसे नाही. विमान कंपन्यांची संख्या आधीच भरमसाट झालेली, प्रवासी तेवढे नाहीत, त्यात हा नवा बोजा. मोठ्या कंपन्यांनी हात झटकले. मंत्री हटून बसले आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीला काम देऊन ३० जानेवारी १९४९ ला सेवा सुरू केली. गांधीजी जाऊन बरोबर वर्ष झाले होते त्या दिवशी. काही महिन्यांतच ती कंपनी थकली, सेवा बंद पडली, वर्तमानपत्रांनी टोप्या उडवल्या. त्याच वर्षी ती नव्या कंपनीकडून पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी टिकली. १ एप्रिल १९४९ पासून आणखी एक गोष्ट झाली होती. देशातल्या देशात जाणारे पत्र जादा पैसे न घेता, जिथे विमान असेल तिथे विमानाने जाऊ लागले. एरवी विमानाचे टपाल ही बड्यांची चैन होती.

नागपूरची जुनी माणसे सोनेगावच्या त्या रात्रींबद्दल अजून बोलतात. चार दिशांनी चार दिवे येताना दिसायचे. अर्ध्या झोपेतले प्रवासी उतरून काहीतरी खायचे, थैल्या या पोटातून त्या पोटात जायच्या आणि तासा-दीड तासात मैदान पुन्हा शांत. सारा देश झोपलेला असताना एक गाव त्याची पत्रे वाटून घेत होते. ही सेवा मंत्र्यानंतरही वर्षानुवर्षे चालली.

टाटांची भीती खोटी होती का? तसे म्हणवत नाही. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रीच्या टपालाचे डाकोटा उड्डाण करताच कोसळले आणि माणसे मेली. एका मृताच्या पत्नीने लढवलेला नुकसानभरपाईचा खटला कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. विमान कंपन्यांची एकूण अवस्था बघायला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची समिती १९५० मध्ये नेमावी लागली होती, ती काही उगाच नाही.

आणि एक डाग आहे, तो लपवून हे चरित्र सांगता येणार नाही. मे १९५० मध्ये सरदार पटेलांनी नेहरूंना पत्रे लिहून आक्षेप घेतला, की रात्रीच्या टपालाचे कंत्राट असलेल्या कंपनीशी संबंधित लोकांकडून ‘नॅशनल हेराल्ड’ या वृत्तपत्रासाठी मोठ्या रकमा घेतल्या गेल्या आहेत. त्या निधीशी किदवईंचे नाव जोडलेले होते. पटेल आणि किदवई यांचे आधीपासूनच पटत नव्हते, त्यामुळे त्यांचे चाहते हे सारे गटबाजीच्या खात्यात टाकतात. माझे मत तसे नाही. कंत्राट देणारा आणि देणगी गोळा करणारा एकाच गोटातला असेल, तर प्रश्न विचारणारा कोणीही असो, प्रश्न बरोबरच असतो. रफी साहेबांच्या स्वतःच्या खिशात त्यातले काही गेले, असे कोणी दाखवले नाही. पण पैसा त्यांच्या हातून वाहत असे. एका दाराने यायचा, दहा दारांनी जायचा. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची फी, कोणाचे औषध; विरोधी पक्षातल्या कार्यकर्त्यालाही रिकाम्या हाताने पाठवायचे नाहीत. आमच्याकडे अशा माणसाला दिलदार म्हणतात आणि तिथेच विषय संपवतात. हिशोब तपासणाऱ्याने मात्र तो तिथे संपवू नये.

टपालात त्यांनी आणखी बरेच केले, ते थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कचेऱ्या होत्या. १९५१ पर्यंत त्या ३६ हजारांच्या घरात गेल्या आणि वाढल्या त्या मुख्यतः खेड्यांत. टेलिफोनसाठी रांग लागली होती आणि तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी योजना काढली, की ग्राहकाने एकरकमी पैसे भरावे आणि फोन आपला करून घ्यावा; त्याच पैशातून केंद्रे वाढवावीत. बंगळूरचा टेलिफोनचा कारखाना १९४८ चा.

राजकारणात ते याच काळात खोल बुडाले होते. १९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन आणि आचार्य कृपलानी उभे राहिले. रफी साहेब कृपलानींच्या मागे. टंडन जिंकले आणि नाशिकच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून बसले. कृपलानी बाहेर पडून नवा पक्ष काढून बसले, तेव्हा १९५१ च्या उन्हाळ्यानंतर रफी साहेबांनीही मंत्रिपद आणि काँग्रेस दोन्ही सोडले. मग नेहरूंनी टंडनांच्या जागी स्वतः अध्यक्षपद घेतले आणि रफी साहेब परत आले. कृपलानी मागे राहिले. ज्यांना बाहेर यायला सांगितले ते बाहेर आणि सांगणारा आत, असे काहीसे ते झाले. त्या लोकांनी त्यांना यासाठी माफ केले की नाही कोण जाणे. मी असतो तर मला वेळ लागला असता.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मे १९५२ मध्ये नवे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा त्या शुक्रवारच्या चौदांपैकी पाचच त्यात होते: नेहरू, आझाद, जगजीवन राम, राजकुमारी अमृत कौर आणि किदवई. पटेल वारले होते. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले होते. श्यामाप्रसाद मुखर्जी पाकिस्तानशी झालेल्या करारावरून गेले, जॉन मथाई नियोजन मंडळावरून, डॉ. आंबेडकर हिंदू कोड बिलावरून. भांडून, कारण जाहीर करून गेले. पहिल्या सरकारची मला सर्वांत जास्त किंमत वाटते ती या भांडणांमुळे. एका छपराखाली इतकी वेगळी माणसे बसली आणि पटले नाही तेव्हा दार उघडून बाहेर पडली.

रफी साहेबांना या वेळी अन्न आणि शेती मिळाले. पाच वर्षांत या खात्याचे ते चौथे मंत्री. हे खाते म्हणजे अंगावरचे कुत्रे होते, जो तो दुसऱ्याकडे ढकलायचा.

रमजानच्या शेवटी फितरा काढायचा असतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासुद्धा, पावणेदोन-दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, ईदच्या नमाजेआधी. म्हणून दरवर्षी या दिवसांत मशिदीच्या फळ्यावर गव्हाचा भाव खडूने लिहिलेला असतो. त्या काळी हे लिहिणे सोपे नव्हते. भाव दोन होते. रेशनचा एक आणि अंधारात मिळणाऱ्या धान्याचा दुसरा. महायुद्धापासून रेशन चालू होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची भूते सरकारी ऑफिसांत फिरत होती. १९४७ च्या डिसेंबरात गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणे उठवली होती, भाव भडकले आणि १९४८ मध्येच ती परत आणावी लागली. फाळणीत पंजाबातले कालव्यांचे मोठे क्षेत्र तिकडे गेलेले. १९५१ मध्ये सुमारे पावणेपाच दशलक्ष टन धान्य बाहेरून आणावे लागले, अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज काढावे लागले. मिलोच्या भाकरीच्या आठवणी आपल्या घरांत आहेत त्या पुढच्या काळातल्या, पण चव याच जातीची.

रफी साहेबांचे म्हणणे असे, की धान्य दिसते तितके कमी नाही. ते लपलेले आहे. उद्या मिळणार नाही या भीतीने शेतकरी ठेवतो, व्यापारी ठेवतो, गिऱ्हाईकही दोन महिन्यांचे भरून ठेवते. भीती काढली तर धान्य बाहेर येईल. नियोजन मंडळाला हा जुगार वाटला. कागदावर तो जुगारच होता, कारण लपलेले धान्य आकड्यांत दिसत नाही.

पण त्यांनी खेळी हळू केली. १९५२ च्या जूनमध्ये मद्रासमध्ये राजाजींनी नियंत्रण उठवले, तेव्हा रफी साहेब त्यांच्या मागे उभे राहिले. सरकारी गोदामांत साठा ठेवला, भाव चढले तर बाजारात ओतायला. तिथे आभाळ कोसळले नाही. मग एकेक राज्य, एकेक धान्य. आधी ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये, मार्च १९५४ मध्ये गहू, आणि जुलै १९५४ मध्ये तांदूळ. त्या दिवशी देशातले रेशन संपले. दरम्यान भाताच्या जपानी लागवडीचा प्रचारही जोरात झाला. तिचा प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाला होता.

यात शहाणपण किती आणि पाऊस किती? १९५०-५१ मध्ये देशात ५०.८ दशलक्ष टन धान्य पिकले होते, १९५३-५४ मध्ये ६९.८. पहिल्या योजनेचे १९५६ चे लक्ष्य दोन वर्षे आधीच मागे पडले. एवढी वाढ मंत्र्याच्या धाडसाने होत नाही, ती आभाळातून येते. मान्य. पण १९५३ चा पाऊस येण्याआधी एक वर्ष, अंगावर घ्यायला कोणी तयार नसताना, पहिले पाऊल टाकलेले होते. पाऊस आल्यावर छत्री मिटायची अक्कलही लागते, नाहीतर पुढची दहा वर्षे लोक कोरड्यात छत्री धरून चालले असते. पुढे १९५५ मध्ये भाव इतके पडले, की शेतकऱ्याला वाचवायला सरकारला खरेदी करावी लागली, आणि १९५६ नंतर अमेरिकी गव्हाची जहाजे पुन्हा सुरू झाली. म्हणजे रोग बरा झाला नव्हता. ताप उतरला होता.

त्याच काळात, ऑगस्ट १९५३ मध्ये, शेख अब्दुल्लांना पदावरून काढून अटक झाली. त्या निर्णयामागे किदवईंचा मोठा हात होता, असे त्यावेळच्या अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. अन्नमंत्र्याचे तिथे काय काम, असा प्रश्न पडतो. पण नेहरूंना अवघड काम पडले की ते रफी साहेबांकडे जाई. काश्मीरचा तो ताप कोणाच्याच हातून उतरला नाही.

२४ ऑक्टोबर १९५४, रविवार. दिल्लीत एका सभेत बोलताना त्यांना दम्याचा झटका आला आणि हृदय थांबले. वय साठ. मागे इस्टेट निघाली नाही, कर्ज निघाले. त्यांना मसौलीला नेऊन दफन केले.

दिवाळी तोंडावर आली होती. रेशन उठल्यानंतरची ती पहिली दिवाळी. मुंबई-पुण्याच्या बाजारात त्या आठवड्यात लोक पोहे, रवा, तांदूळ हवा तेवढा मागत होते, आणि दुकानदार कार्ड न मागता तोलून देत होता.